दुपारचं दूध

१२ एप्रिल १९३६

आज पोचले. जळगावाहून निघालेली गाडी शिंदखेड्याला थांबली तेव्हा फलाटावर रुपचंदभाऊ पाटील स्वतः उभे होते. डोक्याला पांढरा रुमाल, बोलणं फार थोडं. माझी ट्रंक गड्याने उचलली, पण बाटल्यांची पेटी मी कुणाला दिली नाही, बैलांच्या दमणीत मांडीवर घेऊन बसले. बाटल्या कापसात गुंडाळून आणल्या आहेत. एकही फुटली नाही.

रस्ताभर काळी रानं, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी केलेली. ऊन असं की बैलांच्या शिंगांवरही हात ठेववत नव्हता. तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. नर्सचं शिक्षण संपल्यावर जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी एकटीवर सोपवलेलं हे माझं पहिलं काम. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा लोक म्हणाले होते, द्वारकेचं आता काय व्हायचं. हे व्हायचं होतं.

घर धाब्याचं, मोठं, गार. भाऊंची थोरली विधवा बहीण शेवंताबाई घर चालवते. सगळे तिला अक्का म्हणतात, मीही म्हणू लागले. आणि भाऊंचं बाळ! दीड महिन्याचं, काळेभोर डोळे, मुठी घट्ट आवळलेल्या. याच्या आधीची दोन गेली म्हणून अक्काने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उखर्डू. आई कमलबाई बाळंतपणानंतर तापाने गेली. ज्या खोलीत गेली तीच खोली मला आणि बाळाला दिली आहे. परसदाराला लागून आहे, एक खिडकी गल्लीकडे, उजेड चांगला.

१३ एप्रिल

सगळी मांडामांड झाली. माझी शेगडी वेगळी, भांडी वेगळी. तपेली कल्हई केलेली आहे का हे आधी पाहिलं.

बाटली होडीच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी उघडी, म्हणून आत कोपरा राहत नाही. दूध पाजून झालं की लगेच गार पाण्याने धुवायची, मग ब्रशने गरम पाण्यात. रबरी बोंडी उलटी करून आतून मीठ चोळायचं. नंतर सगळं पातेल्यात बुडवून पाणी खळखळ उकळू द्यायचं. उकळल्यावर आत बोट घालायचं नाही, कपड्याने पुसायचं नाही. झाकून ठेवायचं.

दूध तांबड्या गाईचं. धार माझ्यासमोर काढली जाते. उकळून, मलमलीतून गाळून, उकळलेलं पाणी घालून पातळ करायचं. या उन्हात सकाळचं दूध दुपारी द्यायचं नाही, मग ते ओल्या वाळूत ठेवलेलं का असेना. उरलं की मांजराला.

अक्का दाराशी बसून सगळं पाहत होती. तिने विचारलं की एवढं सगळं कशासाठी. मी सांगितलं की डोळ्यांना दिसत नाहीत असे जंतू असतात आणि तेच लेकरं नेतात. तिने मान हलवली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी तिला नवीन नसाव्यात.

१६ एप्रिल

इथे मला एक मैत्रीण मिळाली. समोरच्या घरातली कौतिक. माझ्याच वयाची, कडेवर पाच महिन्यांचा गलेलठ्ठ मुलगा. नवरा तोताराम भाऊंच्याच शेतात कामाला आहे. ती ताक घेऊन येते, मला इकडची बोली शिकवते आणि मी बोलले की पोट धरून हसते. आज कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी थापायला शिकवली. माझी भाकरी पाहून तिचा मुलगासुद्धा हसला असं म्हणाली.

कमलबाई गेल्यावर मी येईपर्यंत तिनेच उखर्डूला अंगावर पाजलं होतं. आजही म्हणाली की तिला दूध पुष्कळ येतं, दोघांना पुरेल. मी समजावलं की आता गरज नाही, बाटलीच स्वच्छ. ती हिरमुसली नाही. शिकलेल्या माणसाचं खरं मानायचं, असं तिचं सरळ मन.

१९ एप्रिल

थोडं नवल आहे. बाळ सकाळ-संध्याकाळ बाटली नीट पितं, पण दुपारच्या बाटलीला तोंडच लावत नाही. जेवण झालं की मला डुलकी लागते, उठून पाहते तर हे शांत. पोट भरलेलं. आज ओठांच्या कोपऱ्यात दूध होतं. गाईचं नव्हे. पातळ, निळसर.

कौतिक. दुसरं कोण असणार? मी निजले की परसदाराने येत असावी.

२१ एप्रिल

भाऊंच्या कापसाच्या तराजूत बाळाला तोललं. छान भरलं आहे, मांड्यांना वळ्या पडल्या आहेत. भाऊ पहिल्यांदा हसले. माझ्या बाटलीचा गुण म्हणाले. कौतिकचं नाव मी काढलं नाही. मलाही ते तसंच हवं होतं.

संध्याकाळी अक्काला म्हटलं की कौतिकला जरा सांगा, चोरून पाजू नको. अक्का शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, “कौतिक नही. त्यानी माय येस दुपारले. पाजी जास.”

मेलेली आई दुपारी येऊन पाजून जाते म्हणे! मला हसू आलं, ते मी पदराआड दाबलं. परसदार दुपारी उघडं का असतं ते आता कळलं. अक्काच कडी काढून ठेवते.

२३ एप्रिल

आज दाराचा प्रश्न मिटवला. उघड्या दाराने धूळ येते, माशा येतात, जनावरं येतात, आणि कुणाचेही न धुतलेले हात बाळाला लागतात. दुपारी कडी लागलीच पाहिजे, नाहीतर बाळाची जबाबदारी मी घेणार नाही, असं भाऊंसमोर स्पष्ट सांगितलं. भाऊ अक्काकडे पाहू लागले. अक्का म्हणाली, “तुम्ही शिकेल शेतस, बाई. तुम्ही म्हनशात तसं.”

कडी मीच लावली.

२४ एप्रिल

बाळ दुपारभर रडलं. बाटली दिली तर जिभेने बाहेर ढकलतं. सवय मोडायला वेळ लागेलच.

उन्हं कलल्यावर दार उघडलं. उंबऱ्यावर ओलं होतं. पाणी असेल म्हणून पाऊल टाकलं तर चिकट लागलं. माशा बसल्या होत्या. गड्याला हाक मारून राखेने घासून घेतलं.

२६ एप्रिल

आज मी झोपले नाही. बसून राहिले. कौतिकला रंगेहाथ पकडायचं ठरवलं होतं.

सगळं घर निजलेलं, बाहेर नुसती झळ. बाळ रडू लागलं तसा दाराशी आवाज आला. काकणांचा. कुणी पाठ टेकून उभं राहावं आणि हात खाली सोडावेत, तसा. मी कौतिकचं नाव घेऊन हाक मारली. आवाज थांबला नाही. बाळ जितकं रडे तितकी काकणं हलत.

मी उठून खिडकीपाशी गेले. तिथून समोरची ओसरी दिसते. कौतिक तिथेच होती. पोराला पोटाशी घेऊन गाढ झोपलेली.

काकणं माझ्या मागे, दाराच्या पलीकडे वाजतच होती. मी दार उघडलं नाही.

२८ एप्रिल

हे लिहायचं की नाही, याचा सकाळपासून विचार करते आहे. लिहिते.

तीन दुपारी झोप नाही. बाळ रडतं, दाराबाहेर काकणं, आणि मी मध्ये. आज शेगडी विझलेली. कोळसा ओसरीवर, तिकडे जायचं तर दारावरून जावं लागतं. सकाळची बाटली तशीच पडली होती, नुसती विसळलेली. तपेलीत सकाळचं दूध होतं. वास घेतला. ठीक वाटलं. ठीक नव्हतं, नाकाला कळलं होतं. बाळाचा आवाज बसत चालला होता. मला फक्त ते रडणं थांबायला हवं होतं.

आजच्या दिवस, म्हटलं.

भुकेने कासावीस झालेलं लेकरू, सगळी बाटली प्यायलं. माझ्याकडे बघत प्यायलं.

काकणं एकदम थांबली.

२९ एप्रिल

पहाटेपासून जुलाब. दुपारपर्यंत उलट्या. डोळे आत गेले आहेत.

भाऊंनी विचारलं की काय दिलंत. मी म्हटलं, नेहमीचंच. अक्काने विचारलं की बाटली उकळली होती ना. मी म्हटलं, हो.

मग भाऊ म्हणाले की मग झालं कशाने. ते माझ्याकडे असे बघत होते की उत्तर माझ्याच जवळ आहे. आणि मी कौतिकचं नाव घेतलं. तिने चोरून अंगावर पाजलं असेल, तिचे हात शेणामातीचे असतात, असं बोलले. वाक्य पुरं झाल्यावर ते माझ्याच तोंडातून निघालं यावर माझा विश्वास बसेना.

तपेलीत थोडं दूध उरलं होतं. ते मी पिऊन टाकलं. आंबूस होतं. कुणाला दिसू नये म्हणून प्यायले, की मलाही तेच व्हावं म्हणून, सांगता येत नाही.

३० एप्रिल

तोतारामने कौतिकला भर गल्लीत मारलं. मी खिडकीतून पाहिलं. तिने हात आडवा धरला नाही, पोर सांभाळत होती. कपाळ फुटलं. नंतर ती आमच्या ओसरीपर्यंत आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मी हात भी लाया नही, बाई. मन्हा पोऱ्यानी आन.” अक्काने तिला परत पाठवलं. बायका तिच्या दारात जाईनात.

धुळ्याचे डॉक्टर आले. त्यांनी खोली पाहिली, झाकलेल्या बाटल्या पाहिल्या, ब्रश पाहिला. खेड्यात इतकी टापटीप आपण पाहिली नाही म्हणाले. बाटली नेहमी उकळता का, विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. दूध बंद करून उकळलेल्या पाण्यात मीठसाखर घालून चमच्याने द्यायला सांगितलं. आणि निघताना म्हणाले की या लेकराला आता बाईचं दूधच वाचवेल, कुणी अंगावर पाजणारी असेल तर आजच पाहा.

गावात तशी एकच. तिचं नाव मीच बाद केलं होतं.

१ मे

टाळू खोल गेली आहे. रडतो तर आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. चमच्याचं पाणी ओठांवरून ओघळतं.

माझ्या पोटातही कळा सुरू झाल्या. बरं वाटलं.

दुपारी दाराच्या फटीतून पाहिलं. हिरवं लुगडं. छातीपासून खाली ओलं, चिकटलेलं, आणि त्यातून ठिबकतंय. तोंड दिसलं नाही. ती दार ढकलत नव्हती. नुसती उभी होती, दुसऱ्याच्या दारात मागायला आलेल्या बाईसारखी. तिचंच घर. तिचंच लेकरू. कडी माझी.

हात कडीपर्यंत नेला. उघडली असती तर तिने आधी कुणाला धरलं असतं, बाळाला की मला — नेला आणि मागे घेतला.

२ मे

सांगितलं. भाऊंना, अक्काला, समोर जाऊन तोतारामला आणि कौतिकला. बाटली उकळली नव्हती, दूध शिळं होतं, कौतिक त्या दिवशी घरात आलीच नव्हती. उभं राहवत नव्हतं म्हणून भिंत धरून सांगितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हात उचलला नाही. तोताराम बायकोच्या कपाळाकडे पाहत राहिला आणि बाहेर निघून गेला.

मी कौतिकची क्षमा मागू लागले. तिने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, “पहिले पोऱ्या दे. त्याले भूक लागेल शे.”

त्याला ओढायची ताकद नव्हती. तिने दूध पिळून थेंब थेंब ओठांवर सोडलं. कितीतरी वेळाने त्याचा गळा हलला.

अक्काने परसदाराची कडी काढली. 

४ मे

बाळ कौतिककडेच आहे. आज रडलं, आवाज फुटला. मी इकडे बाजेवर पडून ऐकलं आणि तोंडात पदर कोंबून रडले.

माझ्या पोटात काही ठरत नाही. पेज उलटते. अक्का येते, पुसते, जाते. पाळणा अजून या खोलीत आहे. रिकामा.

दुपारी काकणं वाजली, ती आत. दाराच्या आत. पाळण्यापाशी थांबली. पाळण्याची दोरी करकरली. मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून होते. बाळ समोर आहे, कौतिककडे, बरं आहे — मी मनात म्हणत राहिले. तिला ऐकू गेलं असेल तर.

मग काकणं बाजेपाशी आली.

पुढचं आठवत नाही. झोप लागली असावी.

६ मे

सकाळपासून काही खाल्लं नाही, तरी अंगात शक्ती वाटते. ग्लानीतून उठले की तोंडात गोड चव असते. पातळ. कोमट. हनुवटी ओली.

मांजर खोलीत येत नाही.

७ मे

मला ओसरीवर हलवा, असं मीच म्हणाले. हलवलं. दुपारी जाग आली तेव्हा मी परत याच खोलीत, जमिनीवर. गुडघे सोललेले. अक्का म्हणाली की मी आपणच गेले. चालत नाही. रांगत.

८ मे

अक्का पेज घेऊन आली. मी तोंड फिरवलं. तिने माझ्या ओठांचा कोपरा पदराने पुसला, पदर उजेडात धरून पाहिला. मग बाजेवर बसून माझ्या केसांवरून हात फिरवला, या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

“तुले भी पाजी गई का ती?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं. अक्का म्हणाली की ती काही वाईट नाही, छाती भरून येते, मोकळी करायला जागा लागते. जिथे ती गेली तिथेच येते. समोरच्या घरात तिला जाता येत नाही. इथे कोण आहे आता? तूच.

तिच्या लेकराच्या तोंडचं होतं ते. मी दार लावून त्याला उपाशी ठेवलं. आणि आता —

९ मे

पिणार नाही म्हणून दात आवळून धरले. तिने घाई केली नाही. गालावर बोट फिरवलं, बाळ निजलं की मी फिरवत असे तसं. तोंड आपोआप उघडलं.

बोट गार होतं. दूध गरम.

कौतिक दारापर्यंत आली होती. बाळ कडेवर, त्याचे आत गेलेले डोळे भरून आलेले, गुटगुटीत होईल पुन्हा. तिच्या कपाळावर खपली. जळगावला परत जा म्हणाली, मी तुझ्यावर रागावले नाही म्हणाली. मला तिच्याशी बोलायचं होतं. त्या घडीला तिचं नाव आठवेना. आ वासून पाहत राहिले.

१० मे

पेन धरायला बोटं वळत नाहीत. मूठच होते.

शेगडी, तपेली — पुढे काय? बाटली कशी उकळायची, तेही — पाणी आधी की —

दुपार लवकर होत नाही. मी वाट पाहते. ते लिहायला लाज वाटते. वाट पाहते.

कुणीतरी दाराची कडी लावली होती. भाऊ असतील. मी रडले. इतकी रडले की अक्काने येऊन काढली.

११ मे

त्याच्या वाटचं पिते मी

रोज

माफ

१२ मे

दमणी दारात आहे. मला न्यायला. ट्रंक ठेवली. भाऊ हाक मारतात, द्वारकाबाई, द्वारकाबाई. कोण ते, जरा वेळ कळलं नाही.

बाळ हसलं समोर. ऐकू आलं. तो बरा —

उचलतील मला. नको. ऊन आलं. उंबऱ्यावर ऊन आलं की ती —

भूक

हाक मारायची तिला. काय म्हणतात — एकच येतं तोंडात — ते त्याचं होतं, माझं नव्हे, मला हक्क नाही ते म्हणायचा —

काकणं

आ